शेंबडातून लागलेला शोध : सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे चरित्र



आपल्या वार्तापत्रात दर वेळी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय करून देण्याची प्रथा आहे. या वेळी आम्ही निवड केली आहे ती पेनिसिलीनचे संशोधक सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांची. त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येते आणि परीक्षेत एका गुणासाठी विचारले जाते. पण आज त्यांच्याविषयी लिहिण्यास आम्हांला एक वेगळेच कारण घडले. ते कारण आमच्या स्वतःच्या चुकीचे आहे, म्हणून आधी तेच सांगतो. आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा मराठीत कुठे उणे-अधिक झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. विषय मात्र नीट समजून घ्यावा, ही विनंती.

काही दिवसांपूर्वी आपल्या एका विद्यार्थ्याच्या पायावर छोटी शस्त्रक्रिया व्हायची होती. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या नाकातून कापसाच्या काडीने नमुना घेतला. करोनाच्या साथीपासून अशी काडी कोणाला नवी राहिलेली नाही. तपासणीत त्याच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू आढळला. डॉक्टरांनी नाकात लावायला काही दिवस मलम दिले, शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली आणि मुलगा शाळेत परत आला. एवढीच गोष्ट. पण जंतू सापडला ही बातमी त्याच्या आधी शाळेत पोहोचली होती. काही पालक कार्यालयात आले आणि त्या मुलाला वेगळे बसवा म्हणून आग्रह धरू लागले. आम्हीही फारशी चौकशी न करता, तूर्त वाद नको म्हणून, त्याला मागच्या बाकावर एकटे बसवले. दोन दिवस तो तसा बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची आई भेटायला आली. ती भांडली नाही. आपला मुलगा घाणेरडा आहे का, एवढेच तिने विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर शोधण्यासाठी आम्ही ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे सांगितले, ते ऐकून आमची मान खाली गेली. तो जंतू धडधाकट माणसांपैकी साधारण १० पैकी ३ जणांच्या नाकात कोणत्याही दिवशी सापडतो. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात १०-१२ मुले तशी निघाली तर नवल नाही. शिक्षकांच्या खोलीत निघतील, विश्वस्त मंडळाच्या बैठकीत निघतील आणि कदाचित मुख्याध्यापकांच्या खुर्चीवरही निघेल! फरक एवढाच की त्या मुलाची तपासणी झाली होती आणि आमची झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या मुलाला स्वतः त्याच्या जुन्या बाकावर नेऊन बसवले आणि त्याची माफी मागितली. तो मुलगा कोण, हे शोधण्याच्या भानगडीत कृपया कोणी पडू नये. त्याच्या आईवडिलांच्या संमतीनेच हे लिहीत आहोत. आता ज्या माणसाचे आयुष्य याच जंतूच्या आणि याच नाकाच्या संगतीत गेले, त्याची कथा ऐका.

शेतकऱ्याचा मुलगा

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात, डार्व्हेल गावाजवळच्या लॉकफील्ड नावाच्या शेतावर झाला. वडील ह्यू फ्लेमिंग हे शेतकरी. अलेक्झांडर हा त्यांच्या दुसऱ्या पत्नीचा, ग्रेस यांचा मुलगा. घरात पहिल्या आईची मुलेही होती आणि सगळी एकत्रच वाढली. अलेक सात वर्षांचा असताना वडील वारले. आई आणि थोरला सावत्र भाऊ यांनी शेत सांभाळले.

शाळा माळावरची, अगदी लहान. पुढे डार्व्हेलच्या शाळेत आणि नंतर किल्मारनॉक येथे शिक्षण झाले. रोज काही मैल पायपीट करून शाळेत जायचे, वाटेत पक्ष्यांची घरटी, ओढ्यातले मासे, झाडाझुडपांत लपलेले ससे पाहायचे, हा त्याचा नित्यक्रम. पुढे आयुष्यभर ज्या गुणाच्या बळावर फ्लेमिंग मोठे झाले, तो निरीक्षणाचा गुण त्या पायवाटेवर मिळाला असे म्हणायला हरकत नाही. पुस्तकाबाहेर डोळे उघडे ठेवणे हेही शिक्षणच आहे.

वयाच्या १३ व्या वर्षी अलेक लंडनला डॉक्टर असलेल्या आपल्या भावाकडे गेला. तेथे काही काळ शिकून त्याने एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी धरली. खानदेशातून सुरतेला पोटापाण्यासाठी आलेल्या आणि भावाकडे, मामाकडे राहून मागावर कामाला लागलेल्या आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांना ही कथा ओळखीची वाटेल. चार वर्षे त्याने हे काम केले. मग १९०१ साली एका काकांच्या मृत्युपत्रातून त्याला २५० पौंड मिळाले. त्या पैशाने काय करायचे, हा प्रश्न होता. भावाच्या सल्ल्याने त्याने वैद्यकीय शिक्षण घेण्याचे ठरवले आणि लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. हेच महाविद्यालय का? तर या महाविद्यालयाच्या संघाविरुद्ध तो पूर्वी पाण्यातला पोलो खेळला होता, म्हणून ते नाव माहितीचे होते!

फ्लेमिंग अभ्यासात हुशार निघाले. १९०६ साली ते डॉक्टर झाले. त्यांचा विचार शस्त्रवैद्य होण्याचा होता. पण ते उत्तम नेमबाज होते आणि रुग्णालयाच्या नेमबाजी संघाला त्यांना सोडायचे नव्हते. म्हणून त्यांना तेथल्याच सर अल्मरॉथ राइट यांच्या लसीकरण विभागात जागा मिळवून देण्यात आली. थोडे दिवस म्हणून ते त्या प्रयोगशाळेत शिरले आणि जवळजवळ सारे आयुष्य तेथेच राहिले. खेळामुळे अभ्यास बुडतो अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

युद्धाने दिलेला धडा

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्लेमिंग सैन्याच्या वैद्यकीय दलातून फ्रान्समधील बूलोन येथे गेले. एका जुगारघराच्या इमारतीत रुग्णालय थाटले होते आणि तेथेच वर प्रयोगशाळा होती. जखमी सैनिक रोज येत. गोळी लागून जेवढे मरत नसत, त्याहून कितीतरी जखमा चिघळून मरत. डॉक्टर त्या जखमांत तीव्र जंतुनाशके ओतत. फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीला काट्यांसारखी टोके काढून एक नकली जखम तयार केली आणि दाखवून दिले की जंतुनाशक द्रव खोल कोपऱ्यात पोहोचतच नाही. जंतू तेथे दडून राहतात. उलट त्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशीच आधी मरतात, म्हणजे शत्रूला सोडून आपलेच शिपाई मारले जातात.

या अनुभवाने त्यांच्या मनात एक ध्यास निर्माण झाला. माणसाला इजा न करता जंतूला मारील, असे काही निसर्गात आहे का? युद्ध संपले, ते सेंट मेरीजला परतले आणि हा ध्यास बरोबर घेऊन आले. दरम्यान १९१५ साली सारा मॅक्एलरॉय या आयरिश परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला होता. पुढे त्यांना एक मुलगा झाला आणि तोही डॉक्टर झाला.

नाकाचा पहिला प्रयोग

आता मुलांनी हसू नये, कारण पुढची गोष्ट शेंबडाची आहे.

१९२१ साल. फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती. आपण काय करतो? रुमाल काढतो. फ्लेमिंग यांनी स्वतःच्या नाकातला थोडा शेंबूड जंतू वाढवण्याच्या काचेच्या बशीत ठेवला आणि काय होते ते पाहत राहिले. काही दिवसांनी बशीत पिवळ्या जंतूंच्या वसाहती वाढल्या होत्या, पण शेंबडाच्या आसपास मात्र एकही नव्हती. तेथले जंतू विरघळून गेले होते. शेंबडात जंतूंना मारणारे काहीतरी होते!

त्या पदार्थाला लायसोझाइम असे नाव देण्यात आले आणि १९२२ साली फ्लेमिंग यांनी हा शोध प्रसिद्ध केला. अश्रू, थुंकी, अंड्याचा पांढरा बलक यांतही तो पदार्थ आहे, असे त्यांना आढळले. अश्रू मिळवण्यासाठी ते सहकाऱ्यांच्या आणि स्वतःच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळत. त्या काळात लिंबांवर बराच खर्च झाला असावा. ज्या शेंबडाला आपण घाण म्हणतो, तो निसर्गाने नाकाच्या दारात उभा केलेला पहारेकरी आहे, हे या शोधाने कळले.

पण पहारेकऱ्यालाही मर्यादा होती. लायसोझाइमने मरणारे जंतू बहुतेक निरुपद्रवी होते. रोग करणाऱ्या पुष्कळशा जंतूंवर त्याचा परिणाम होत नसे. याचे कारणही सोपे आहे. जे जंतू नाकातल्या या रसाला टिकतात, तेच नाकात मुक्काम करू शकतात. आपण सुरुवातीला ज्याचे नाव घेतले तो स्टॅफिलोकोकस ऑरियस अशाच चिवटांपैकी आहे. त्याच्या कवचाची रचनाच थोडी बदललेली असते, त्यामुळे लायसोझाइम त्याला फोडू शकत नाही.

या जंतूची थोडी ओळख करून घेऊ. अलेक्झांडर ऑगस्टन या स्कॉटलंडच्याच शस्त्रवैद्यांनी १८८० च्या सुमारास गळवांच्या पुवात सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल जंतूंचे घोस पाहिले. द्राक्षांच्या घोसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याचे नाव स्टॅफिलोकोकस ठेवले. पुढे सोनेरी रंगावरून ऑरियस हे उपपद लागले. केसतूड, गळू, चिघळलेली जखम यांत हा जंतू सापडतो. रक्तात शिरला तर जिवावर बेततो. पण तोच जंतू असंख्य माणसांच्या नाकपुडीच्या दारात शांतपणे राहत असतो. काही जणांकडे तो कायम मुक्कामाला असतो, काहींकडे येऊन-जाऊन असतो आणि काहींकडे जवळजवळ कधीच नसतो. नाकात आहे तोवर बहुधा तो काही करत नाही. त्वचा फाटली, शस्त्रक्रिया झाली, शरीर अशक्त झाले, की बोटांवरून, हातांवरून तो जखमेत पोहोचण्याचा धोका असतो. म्हणूनच डॉक्टर काही शस्त्रक्रियांपूर्वी नाक तपासतात. ती तपासणी रुग्णाच्या संरक्षणासाठी असते, त्याला वाळीत टाकण्यासाठी नसते.

सुट्टीवरून परतल्यावर

१९२८ साली फ्लेमिंग याच जंतूचा अभ्यास करत होते. त्यांच्या मेजावर काचेच्या बशांचा नेहमीच पसारा असे. टापटिपीबद्दल त्यांची ख्याती नव्हती. ऑगस्टमध्ये ते कुटुंबासह सुट्टीवर गेले आणि ३ सप्टेंबर रोजी परतले. साचलेल्या बशा पाहताना एका बशीत बुरशी उगवलेली दिसली. बहुधा खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून तिचे बीज उडत आले असावे. शिळ्या भाकरीवर येते तशी ही बुरशी. दुसरा कोणी असता तर बशी धुवायला टाकली असती. फ्लेमिंग यांनी पाहिले, की बुरशीभोवतीचे स्टॅफिलोकोकसचे घोस विरघळून पारदर्शक झाले आहेत. सात वर्षांपूर्वी शेंबडाभोवती पाहिलेले दृश्य त्यांना पुन्हा दिसले. फरक हा, की या वेळी मरणारा जंतू निरुपद्रवी नव्हता.

त्या बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले आणि १९२९ साली निबंध प्रसिद्ध केला. हा रस पांढऱ्या पेशींना इजा करत नाही, हेही त्यांनी तपासले. युद्धात सुरू झालेला शोध येथे पोहोचला होता.

यानंतरची हकीकत पाठ्यपुस्तकात नसते, पण आपल्या विषयाशी तिचा फार जवळचा संबंध आहे. जानेवारी १९२९ मध्ये फ्लेमिंग यांनी आपल्या एका सहाय्यकाच्या नाकालगतच्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये, हा रस सोडून पाहिला. फारसा गुण आला नाही. तेथे ठाण मांडून बसलेला जंतू पेनिसिलीनला दाद देत नव्हता. तो इन्फ्लुएंझा बॅसिलस या नावाने ओळखला जाई. १८९२ पासून पुष्कळ डॉक्टर फ्लूचे कारण म्हणून याच जंतूकडे बोट दाखवत. १९१८ च्या फ्लूच्या साथीत एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. या जंतूची दहशत किती असेल, याची कल्पना करा!

पेनिसिलीनला न जुमानणारा जंतू सापडला, म्हणून फ्लेमिंग निराश झाले नाहीत. त्यांनी उलटी युक्ती केली. घशातला वा तोंडातला नमुना बशीत पसरला की इतर जंतूच इतके माजत, की हा जंतू दिसतच नसे. त्यांनी बशीत पेनिसिलीन घातले. इतर जंतू दबले आणि हा वर आला. शेतात तण काढले की लपलेले रोप दिसावे, तसे झाले. या युक्तीने १९३० साली मॅक्लीन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी दाखवून दिले, की तो भयंकर समजला जाणारा जंतू धडधाकट माणसांच्या तोंडातही राहत असतो. पुढे १९३३ साली फ्लूचे खरे कारण असलेला विषाणू वेगळा करण्यात आला आणि बिचाऱ्या बॅसिलसवरचा तो आरोप कायमचा गेला.

यातून घ्यायचा धडा असा, की एखाद्याच्या नाकातोंडात जंतू सापडला म्हणजे तो आजारी आहे असे नव्हे, आणि तो इतरांना आजारी पाडील असेही लगेच ठरत नाही. जंतू असणे आणि रोग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बुरशीपासून औषधापर्यंत

पेनिसिलीन हा रस फार नाजूक होता. तो शुद्ध करणे फ्लेमिंग यांना जमले नाही. जवळजवळ दहा वर्षे शोध तसाच पडून राहिला. मग ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांनी तो जुना निबंध वाचून काम हाती घेतले. नॉर्मन हीटली या कल्पक सहकाऱ्याने रस काढण्याची युक्ती शोधली. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना जीवघेण्या जंतूंची लागण केली. चार उंदरांना पेनिसिलीन दिले, ते जगले. उरलेले चारही मेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला औषध म्हणून ते देण्यात आले. त्याच्या अंगात स्टॅफिलोकोकस पसरला होता. त्याला इतका उतार पडला की सर्वांना आशा वाटू लागली. पण औषध संपले. त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढून देण्यात आले, तेही पुरले नाही आणि मार्चमध्ये तो मरण पावला. औषध खोटे नव्हते, अपुरे होते. डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची मात्रा अर्धवट सोडणाऱ्यांनी त्या शिपायाची आठवण ठेवावी. त्याला पुरेसे औषध मिळाले नाही. आपल्याला मिळते आणि आपण ते उशाशी विसरतो.

पुढे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हजारो सैनिकांचे प्राण वाचले. १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पेनिसिलीन एकट्या फ्लेमिंग यांचे असे आपण शिकवतो, ते अर्धे खरे आहे. एकाने पाहिले, दुसऱ्यांनी घडवले.

येथे एक गैरसमजही दूर करतो. फ्लेमिंग यांच्या वडिलांनी चिखलात रुतलेल्या लहानग्या चर्चिल यांना वाचवले आणि म्हणून चर्चिल यांच्या वडिलांनी फ्लेमिंग यांना शिकवले, अशी एक सुंदर गोष्ट मोबाइलवर फिरत असते. ती खरी नाही. त्यांचे शिक्षण काकांच्या २५० पौंडांवर आणि स्वतःच्या हुशारीवर झाले. खरी गोष्टही काही कमी सुंदर नाही.

एक इशारा आणि आपले शहर

नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणात फ्लेमिंग यांनी जगाला एक इशारा दिला. कोणीही दुकानातून पेनिसिलीन घेऊन कमी मात्रेत वापरू लागला, तर जंतू मरण्याऐवजी त्या औषधाला सरावतील आणि मग ते औषध निकामी होईल, असा त्याचा आशय होता. तो इशारा लवकरच खरा ठरला. काही वर्षांतच रुग्णालयांतील स्टॅफिलोकोकस पेनिसिलीनला दाद देईनासा झाला. मग मेथिसिलीन हे नवे औषध आले. १९६१ साली त्यालाही न जुमानणारा जंतू इंग्लंडमध्ये सापडला. आज अनेक औषधांना पुरून उरणारे असे जंतू सगळ्या जगाची डोकेदुखी झाले आहेत.

११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने फ्लेमिंग यांचे निधन झाले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी आमालिया या ग्रीक सहकारी संशोधिकेशी विवाह केला होता. त्यांची रक्षा लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आली. योगायोग पाहा, त्याच १९५५ साली आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. डार्व्हेलच्या शेतावरच्या मुलाचा शोध मराठी मुलखात औषध होऊन बाटलीत भरला जाऊ लागला.

सुरतकरांना हा विषय परका नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये आपल्या शहरात प्लेगची साथ आली. लाखो माणसे शहर सोडून गेली. त्यांत आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे ताप्ती लाइनच्या गाड्यांत लोंबकळत खानदेशात पोहोचली. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. गरज असलेल्यांनीही घेतल्या, नसलेल्यांनीही घेतल्या. आणि गावी पोहोचल्यावर काय झाले, हे आपले वडीलधारे सांगतील. सुरतेहून आलेला म्हटले की माणसे दोन हात दूर सरत. धडधाकट माणसाकडे संशयाने पाहिले गेले की कसे वाटते, हे आपण अनुभवले आहे. नंतर १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराची सफाई झाली आणि सुरतेचे नाव स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. सुरत सावरली ती माणसांना दूर लोटून नव्हे, तर कचरा उचलून आणि गटारे साफ करून. ज्या समाजाने हे पाहिले, त्याच्या शाळेत एक मूल दोन दिवस एकटे बसावे, याची आम्हांला लाज वाटते.

नाकाने दिलेली आणखी एक भेट

कथा येथे संपत नाही. २०१६ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथील शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की काही माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकसचाच एक चुलतभाऊ राहतो आणि तो एक प्रतिजैविक पदार्थ तयार करून आपल्या सोनेरी भावाला हाकलून लावतो. त्या पदार्थाला लुग्डुनिन असे नाव देण्यात आले. म्हणजे नाकातले सगळेच पाहुणे उपद्रवी नसतात, काही राखणदारही असतात. कारण नसताना प्रतिजैविक औषधे घेतली तर उपद्रवींबरोबर राखणदारही मारले जातात आणि मागे उरतात ते चिवट. फ्लेमिंग यांनी बूलोनच्या रुग्णालयात जखमांविषयी जे सांगितले, तेच हे नाही का?

पालकहो, आता थोडे कामाचे बोलतो. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिला प्रतिजैविक औषधाचा उपयोग नाही. ज्या औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये आणि शेजारच्यांच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्यावे. नाकात बोट घालण्याची सवय मोडावी, नखे कापावीत, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. एकमेकांचे टॉवेल वापरू नयेत. जखम झाली तर धुऊन झाकावी. ती लाल होऊन ठणकू लागली किंवा ताप आला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात जावे.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की शाळेतील प्रत्येक नळापाशी साबण कायम असावा, अशी तरतूद व्हावी. त्याचा खर्च फार नाही. मुलांना वेगळे बसवण्यापेक्षा तो नक्कीच स्वस्त आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. फ्लेमिंग मोठे झाले ते प्रश्न विचारल्यामुळे. बशीत बुरशी दिसली तेव्हा ती घाण म्हणून त्यांनी फेकली नाही, आधी नीट पाहिली. माणसाच्या बाबतीत तर आपण याहून अधिक सावकाशीने पाहिले पाहिजे. आम्ही ते दोन दिवस उशिरा केले. तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

– मुख्याध्यापक